वाईनमध्ये बर्फ टाकला तर नेमकं काय बिघडतं?

आंबटगोड

नमस्कार मंडळी,

परवा एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. आठ-दहा जण असू. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ होते, त्यांना वाईनचा शौक. बाटल्या त्यांनीच आणलेल्या. पहिली उघडली तेव्हा आधी बूच हुंगलं. मग ग्लासात चमचाभर ओतली, गोल फिरवली, दिव्यासमोर धरली, अख्खं नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आम्ही रिकामे ग्लास हातात धरून निकालाची वाट बघत उभे.

निकाल चांगला लागला. मग आम्हाला मिळाली.

माझ्या वाट्याची रेड कोमट होती आणि पहिल्या घोटाला जीभ टाळूला चिकटली. मी गुपचूप बर्फाचे दोन खडे टाकले. म्हणजे मला वाटलं गुपचूप. टण्ण असा आवाज झाला आणि ते गृहस्थ चालू वाक्य अर्धवट सोडून माझ्या ग्लासाकडे बघायला लागले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "अरेरे, आधी सांगितलं असतं तर तुमच्यासाठी सरबत आणलं असतं."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं.

मला गोडसर, थंडगार वाईन आवडते. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड मी पिते ती केवळ समोर आली म्हणून. लोक म्हणतात चव 'तयार' व्हावी लागते. पंधरा वर्षं झाली, माझी काही तयार होत नाहीये. तर जाणकारांना विचारायचंय: चांगली वाईन असं खरंच काही असतं, की ज्याला जी आवडली ती चांगली? आणि असं काही असेल, तर मला न आवडणारी वाईन 'चांगली' आहे हे मी कसं मान्य करायचं?

---

खडूसराव

पुढच्या वेळी बर्फ चुरून टाका. आवाज होत नाही.

---

निर्व्यसनी

मी थेंबभरही पीत नाही. पण नाकं मुरडायचा धागा दिसला म्हणून हजेरी लावली. चालू द्या.

---

अर्धा_पेला

ताई, अजिबात मनाला लावून घेऊ नका. हा सगळा बडेजाव आहे आणि तो कधीच उघडा पडलाय.

फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाईट आणि एक रेड दिली. ती 'रेड' म्हणजे तीच व्हाईट, फक्त वास नसलेला लाल रंग घातलेली. पठ्ठ्यांनी त्या लाल ग्लासाचं वर्णन इमानेइतबारे रेडच्या शब्दांत केलं. २००१ साली हा शोधनिबंध छापून आलाय.

दुसरी गोष्ट याहून भारी. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेत वाईनची स्पर्धा असते. स्वतः वाईन बनवणाऱ्या रॉबर्ट हॉजसन नावाच्या माणसाने तिथल्या परीक्षकांनाच परीक्षेला बसवलं. एकाच बाटलीतली वाईन, न सांगता, तीनदा पुढे केली. दहातल्या जेमतेम एका परीक्षकाने तिन्ही वेळा तिला जवळपास सारखे गुण दिले. बाकीच्यांपैकी काहींनी तर तीच वाईन एकदा डोक्यावर घेतली, एकदा पायदळी तुडवली.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट वाटली तर आपण कोल्ह्याला हसतो. इथे ती आंबट आणि तुरट झाल्यावरच त्यांचा भाव वाढतो. बर्फ टाका, सोडा टाका, काय वाट्टेल ते टाका.

---

बुचकळा

+१. आणि ते बूच हुंगणं! मी आजवर तीन वेळा हुंगलंय. तिन्ही वेळा बुचाचा वास आला.

---

तळटीप

अर्धा_पेला, नावाला जागलात, अर्धंच सांगितलंत.

बोर्दोचे ते विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हते. त्यांना फक्त वासाबद्दल विचारलं होतं, आणि तेही दोन ग्लास शेजारी ठेवून: हा शब्द या ग्लासाला जास्त लागू की त्या? समोर एक लाल आणि एक पांढरा ग्लास असताना माणूस 'चेरी' हा शब्द लाल ग्लासाकडेच सरकवणार. डोळा नाकाला फसवतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. तेही कमी नाही. पण 'तज्ज्ञांना रेड आणि व्हाईटमधला फरक कळत नाही' असं त्यात कुठेही नाही, हे वाक्य लोकांनी मागाहून चिकटवलंय.

हॉजसनचा प्रयोग मात्र खणखणीत आहे. फक्त त्यात परीक्षकांपुढे एका बैठकीत ३० ग्लास असत. तिसाव्या ग्लासापर्यंत माझी जीभ तर आपण कोण, कुठल्या हेही विसरेल. त्यातून स्पर्धेची पदकं किती मनावर घ्यायची ते कळतं.

खरा गमतीचा प्रयोग २००८ चा. वीस जणांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाईन पाजली. तीच वाईन एकदा स्वस्त म्हणून, एकदा महाग म्हणून. महाग म्हणून दिलेली जास्त आवडली, हे अपेक्षितच. पण मेंदूचा जो भाग सुख वाटण्याशी जोडलेला आहे, तोही महाग म्हटल्यावर जास्त चेतवलेला दिसला. म्हणजे लोक आवडल्याचं नाटक करत नव्हते. त्यांना खरोखरच जास्त मजा आली.

---

खडूसराव

मग सोपं आहे. बायकोने स्वस्तातली आणायची आणि नवऱ्याला महाग म्हणून सांगायची. संसारात एवढं तर करतोच की आपण.

---

जुनाजाणता

आंबटगोडताई, मी त्या गृहस्थांच्याच पंथातला. वीसेक वर्षं वाईन पितोय, वाचतोय, त्यापायी बरेच पैसे उडवलेत. म्हणून आधी हे सांगतो: तुमची काही चूक नव्हती. चूक त्यांची होती, आणि सरबताच्या टोमण्याबद्दल नाही म्हणत मी. तो आगाऊपणा वेगळाच. वाईनच्या दृष्टीनेच चूक.

तुम्ही लिहिलंत की रेड कोमट होती. तिथेच खेळ संपला. रेड 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा नियम ज्या काळात रुजला, तेव्हा युरोपातल्या घरांत आजच्यासारखी सगळीकडे ऊब नसायची. ती खोली म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. आज आठ-दहा माणसं भरलेल्या खोलीत ठेवलेली बाटली सहज पंचवीसच्या पुढे जाते. इतकी उबदार झाली की अल्कोहोल आधी नाकात चढतो, फळाचा वास मागे पडतो, सगळं जडशीळ लागतं. बाटली उघडण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली असती तर तुम्हाला बर्फाची आठवण झाली नसती. त्यांनी हुंगलं, फिरवलं, डोळे मिटले, आणि साधी गार करायचं विसरले!

जीभ टाळूला चिकटली ती टॅनिनमुळे. द्राक्षाची सालं, बिया आणि देठ यांतून ते येतं. लाळेत जी प्रथिनं असतात, ज्यांच्यामुळे तोंड ओलं आणि बुळबुळीत राहतं, त्यांना टॅनिन धरून ठेवतं. म्हणून तोंडाला कोरड पडल्यासारखं वाटतं. तुरटपणा ही खरं तर चव नव्हेच, स्पर्श आहे. तो कुणाला सुखावतो, कुणाला खरखरीत लागतो.

आता बर्फाबद्दल. त्याने गार होतं, पण पातळही होतं. शिवाय फार गार केलं तर टॅनिन आणखी बोचतं. तेव्हा तुम्ही दुखण्यावर औषध बरोबर दिलंत, मात्रा जरा चुकली. व्हाईटमध्ये टाकत असाल तर मी तोंडातून अक्षर काढणार नाही. (मनात काढेन.)

आणि बुचकळाशी सहमत. बूच हुंगून काही कळत नाही. बूच बघावं, कोरडं पडलंय का, कडेने गळलंय का. हुंगायची ती वाईन.

---

अर्धा_पेला

जुनाजाणता, प्रतिसाद आवडला, पण बघा, तुम्हीही शेवटी 'मात्रा चुकली' म्हणालातच. तिला तशी आवडली तर मात्रा चुकली कशी?

---

जुनाजाणता

तिनेच लिहिलंय की कोरडी रेड तिला आवडत नाही. बर्फ टाकल्यावर आवडली असंही कुठे म्हटलेलं नाही. न आवडणारी गोष्ट थंड करून पिणं याला आवड म्हणत नाहीत, सहन करणं म्हणतात.

---

रसना

गोडाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. 'गोड वाईन म्हणजे अडाण्यांची' हे जे आज सर्रास ऐकू येतं, त्याला इतिहासात काडीचा आधार नाही.

२०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ, बुडालेल्या एका जहाजात १६८ बाटल्या शँपेन सापडली. एकोणिसाव्या शतकातली, सुमारे १७० वर्षं पाण्याखाली राहिलेली. तिची तपासणी झाली तेव्हा लिटरमागे १४० ग्रॅमहून जास्त साखर निघाली. आज ज्या बाटलीवर 'ब्रुट', म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं असतं तिच्यात लिटरमागे १२ ग्रॅमसुद्धा चालत नाही. म्हणजे त्या काळातली उच्चभ्रू मंडळी ज्या शँपेनसाठी जीव टाकत होती, ती तुम्ही आज त्या जेवणात मागितली असती तर पुन्हा सरबतच ऐकावं लागलं असतं. कोरडी शँपेन चालू झाली ती मुख्यतः इंग्रज गिऱ्हाइकांमुळे. शँपेन बनवणाऱ्या मादाम पोमेरी यांची १८७४ सालची ब्रुट त्यात गाजली.

बोर्दोच्या वाईनची १८५५ मध्ये जी प्रतवारी झाली, तिच्यात सगळ्यांच्या वर, एकटीलाच वेगळी पायरी मिळाली ती शातो दीकेम या वाईनला. ती गोड आहे. नुसती गोड नाही, बुरशी लागलेल्या द्राक्षांची आहे. बुरशीने द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पडतात, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दाट होऊन मागे राहतो. मळ्यात एकेक घड नाही, एकेक मणी निवडून तोडतात.

आंबटपणा असला की गोडवा अंगावर येत नाही, तो नसला तर पाक पितोय असं वाटतं. ताईंचं टोपणनाव म्हणूनच मला फार आवडलं. गोड वाईन शोधताना 'गोड आहे का' एवढंच न विचारता 'आंबटपणा किती' तेही विचारा.

अजून एक. प्राचीन ग्रीक लोक वाईनमध्ये पाणी घालूनच पीत. त्यासाठी वेगळं मोठं भांडं असायचं. न मिसळता पिणारा तो रानटी, अशी त्यांची समजूत. त्यांच्या मेजवानीत त्या गृहस्थांचं काय झालं असतं याचा विचार करून मला फार बरं वाटलं.

---

आंबटगोड

रसना, हा प्रतिसाद छापून पर्समध्ये ठेवणार आहे.

---

बुचकळा

माझी कबुली. पहिल्यांदा एका भारी हॉटेलात गेलो तेव्हा वेटरने चव बघायला थोडी ओतली. मी सिनेमात बघितलेलं, ग्लास फिरवायचा असतो. फिरवला. जोर जरा जास्त लागला. समोर होणारे सासरे, अंगात पांढरा शर्ट.

लग्न झालं. पण त्या शर्टाचा विषय अजून निघतो.

तर प्रश्न असा, फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात, ते जितके जाड तितकी वाईन उंची, हे खरं का? सासऱ्यांना सांगायचंय की निदान वाईन तरी उंची होती.

---

तळटीप

खरं नाही. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतो. काचेवर जो पातळ थर चढतो त्यातला अल्कोहोल उडाला की तिथे पृष्ठताण वाढतो, तो खालची वाईन वर ओढतो, वर थेंब जमतात आणि वजनाने ओघळतात. ओघळ जाड म्हणजे अल्कोहोल जास्त, एवढंच. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने हे १८५५ मध्ये सांगितलं होतं. रसनाने उल्लेखलेली प्रतवारीही त्याच वर्षीची. एकाच वर्षी एकाने वाईनमधली एक गूढ गोष्ट सोपी केली आणि दुसऱ्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी उतरंड मांडून ठेवली. उतरंडच जास्त चालली.

सासऱ्यांना सांगा की वाईन कडक होती.

---

नाकपुडी

मला वर्णनांवर बोलायचंय. 'ओल्या दगडाचा वास', 'पेन्सिलीच्या टोकाचा वास' वगैरे वाचून मीही फिदीफिदी हसायचे. मग एका ओळखीच्या बाईंनी माझ्यासमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत कापलेली हिरवी ढोबळी मिरची, दुसरीत भरडलेली काळी मिरी. आणि तीन ग्लास वाईन. आधी वाटी हुंगायची, मग ग्लास. सोव्हिन्यों ब्लां या व्हाईटच्या ग्लासात मिरची लख्ख आली. कॅबर्ने या रेडमध्येही, जरा मागून. हे काही कविकल्पना नाही, मिरचीत जी पायराझिन जातीची द्रव्यं असतात तीच या द्राक्षांतही असतात. त्याच सोव्हिन्यों ब्लांबद्दल 'मांजराचं मूत' असंही म्हणतात, तेही तारीफ म्हणून. त्याची वाटी बाईंनी ठेवली नव्हती, आभारी आहे.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या ग्लासात सिराह नावाची रेड होती, मिरीवाली. बाईंना येत होता, माझ्या नवऱ्याला येत होता, मला शून्य. वाटीतल्या मिरीने शिंका आल्या, पण ग्लासातली मिरी काही येईना. मला वाटलं मीच ढ. मग कळलं की सिराहमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही, कितीही घातला तरी. मी त्या पाचातली एक.

म्हणजे आम्ही तिघं एकाच बाटलीतून तीन वेगळ्या वाईन पीत होतो म्हणा ना. त्या गृहस्थांना आणि आंबटगोडला एकच चव लागत होती हे आपण धरून चाललोय, ते तरी कशावरून?

---

निर्व्यसनी

भिन्नरुचिर्हि लोकः म्हणतात ते उगाच नाही. इथे तर लोक भिन्ननासिकाही निघाले.

---

गप्पिष्टा

सगळे प्रतिसाद वाचले. एक राहिलंय ते बोलते, रागावू नका.

नाक वर करणारे दोन प्रकारचे. एक, ज्याला बर्फाचा खडा दिसला की पोटात दुखतं. दुसरा, जो कुणी ग्लास हुंगला की लगेच 'झालं यांचं नाटक सुरू' म्हणतो. हा दुसरा प्रकार आपल्यात जास्त आहे आणि आपण त्याला साधेपणा समजतो. माझे एक मामेसासरे आहेत. कुणी मन लावून काही पीत असेल, ऐकत असेल, तर ते शेजारी बसून 'आम्हाला बुवा सगळं सारखंच' असं दर पाच मिनिटांनी म्हणतात. अहो, सारखं असेल, पण मग सारखं सांगता कशाला?

गाण्यात कानसेन असतो त्याचं आपल्याला कौतुक. जिभेने तेच केलं की तो शिष्ट. नाकपुडीने दोन वाट्यांतून जे शिकलं त्यात कुणाला खाली दाखवणं नव्हतं. त्या गृहस्थांचं हुंगणंही चालेल मला. नडला तो टोमणा.

---

अर्धा_पेला

हा रोख माझ्याकडे दिसतोय. मी 'सगळं सारखंच' असं कुठेही म्हटलेलं नाही. पैसे आणि लेबल बघून जीभ ठरवतात, याला माझा आक्षेप आहे.

---

गप्पिष्टा

तुमच्याकडे नाही हो, मामेसाऱ्यांकडे आहे.

\*मामेसासऱ्यांकडे

---

जुनाजाणता

अर्धा_पेला, लेबलाच्या मुद्द्यावर तुम्ही आम्ही एकाच बाजूला. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने लेबलं झाकून चाचणी ठेवली, फ्रेंच वाईन विरुद्ध कॅलिफोर्नियाची. परीक्षक फ्रेंच, एकाहून एक नावाजलेले. कॅलिफोर्नियाचं तेव्हा नावही कुणी घेत नसे. निकाल लागला तेव्हा व्हाईटमध्ये शातो माँटेलेनाची १९७३ ची शार्दोने पहिली, रेडमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने पहिली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या.

लोक ही गोष्ट 'तज्ज्ञांची फजिती' म्हणून सांगतात. मला उलटं वाटतं. लेबल काढून घेतल्यावर त्यांच्या जिभेने आपल्याच देशाविरुद्ध मत दिलं. जिभेची लाज नाही गेली, लेबलाची गेली.

---

बुचकळा

आणि खोटी लेबलं? रुडी कुर्नियावान नावाचा इसम स्वतःच्या घरात वाईन मिसळून, जुनी लेबलं चिकटवून अतिश्रीमंतांना विकत होता. २०१३ मध्ये दोषी ठरला, २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा. त्याने लिलावाला पाठवलेल्या काही बाटल्या पाँसो घराण्याच्या क्लो सँ-दनी या वाईनच्या होत्या, एक तर थेट १९४५ सालची. घोळ असा की ते घराणं ती वाईन १९८२ पासून बनवायला लागलं. पकडलं कुणी? जिभेने नाही, कॅलेंडरने.

---

खडूसराव

त्या रुडीच्या बाटल्या ज्यांनी आवडीने प्यायल्या त्यांना पैसे परत मिळाले असतील, पण मजा तर मिळून गेली ना. तळटीपचा यंत्रातला प्रयोग आठवा.

---

गप्पिष्टा

आंबटगोड, इथे वाद घालून उत्तर मिळणार नाही. घरीच करून बघा. तीन ग्लास, दोघांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते ओळखायचं. ग्लासांना कागद गुंडाळा, दोन्ही व्हाईटच घ्या म्हणजे रंगावरून कळायला नको. ओतणारा वेगळा, पिणारा वेगळा. नुसता अंदाज ठोकला तरी तीनात एकदा बरोबर येतोच, तेवढं लक्षात ठेवा.

आणि सगळं झाल्यावर गुपचूप बघायचं, कोणती बाटली आधी रिकामी झाली. तोंडाने काय सांगतात ते सोडा.

---

निर्व्यसनी

ओतायला मी येतो. एवढ्या लोकांत शुद्धीवर असलेला एक तरी हवा.

---

आंबटगोड

मंडळी, केलं!! उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, पण वृत्तांत घेऊन आलेय.

सहा जण होतो. मैत्रिणीच्या आग्रहाने 'त्या' गृहस्थांनाही बोलावलं. मला वाटलं येणार नाहीत. आले, आणि स्वतःचा ग्लास घेऊन आले. (हसू नका, मीही नाही हसले.) दोन व्हाईट, एक कोरडी आणि एक किंचित गोडसर, फरक कळेल न कळेल अशा बेताने निवडलेल्या. ग्लासांना वर्तमानपत्र गुंडाळलं, माझी मुलगी आतल्या खोलीतून ओतून आणत होती. तिने चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला होता आणि ती कमालीच्या निर्विकार चेहऱ्याने ट्रे ठेवत होती. प्रत्येकाच्या सहा फेऱ्या.

मैत्रिणीचे सहापैकी एक बरोबर. ती म्हणाली वर्तमानपत्राच्या शाईचाच वास येत होता. तिच्या नवऱ्याचे दोन. माझे तीन. बाकी दोघांचे दोन-दोन. आणि गृहस्थांचे पाच.

पाच! आणि चुकलेल्या फेरीतही त्यांनी आधी बरोबर ग्लास उचलला होता, मग मन बदललं. मला मान्य करायलाच हवं.

पण खरी गोष्ट पुढे. प्रयोग संपल्यावर कुणीतरी भेट आणलेली रेड उघडली. सगळ्यांनी घोट घेतला. मैत्रीण म्हणाली छान आहे, जरा मातकट. तिचा नवरा म्हणाला, हो, मुरलेली वाटते. मीही मान डोलावली, म्हटलं आता मलाही जमायला लागलं बहुतेक. गृहस्थ काहीच बोलले नाहीत. ग्लास टेबलावर ठेवला. मी पाणी आणायला आत गेले तर मागून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती बाटली बाद आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय बघा. आणणाऱ्याला सांगू नका, त्याची चूक नाही, बुचातून येतं ते."

मी हुंगलं. पावसात भिजलेलं खोकं! एकदा सांगितल्यावर दुसरं काही येईचना. आणि आम्ही तिघांनी तिची तारीफ केली होती.

गप्पिष्टा, बाटल्या बघितल्या. गोडसर आधी संपली. कोरडी अर्धी उरली. शेवटचा गोडसर ग्लास कुणी घेतला ते सांगत नाही, पण तो स्वतःचा ग्लास घेऊन आला होता.

---

तळटीप

हिशेब करून टाकतो. नुसता अंदाज ठोकून सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे शंभरात दोनहून कमी. त्यांना फरक कळत होता असं म्हणायला हरकत नाही. तुमच्या तीनाचं मात्र तसं नाही, तीन किंवा जास्त हे निव्वळ अंदाजानेही तिघांतल्या एकाला जमतं.

बाद बाटलीचा वास टीसीए या द्रव्याचा. एक लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढं असलं तरी सरावलेलं नाक पकडतं. अपायकारक नाही, फक्त वाईनचा मूळ वास झाकून टाकतं. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीत रीझलिंग ही व्हाईट बनवणाऱ्यांनी २००० साली एकत्र येऊन बुचाऐवजी फिरकीचं झाकण धरलं, ते याच कटकटीपायी. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन, असं म्हणणारे अजून आहेत.

---

अर्धा_पेला

एका माणसाने सहा फेऱ्यांत... असो. पाच म्हणजे पाच. मी तिथे असतो तर ती रेड मुरलेलीच म्हणालो असतो.

---

नाकपुडी

त्यांना सिराह द्या आणि मिरी येते का विचारा. मला कुणीतरी सोबतीला हवंय.

---

खडूसराव

सगळं झालं, पण धाग्याचं शीर्षक अनाथ राहिलं. त्या दिवशी बर्फ टाकलात की नाही?

---

आंबटगोड

टाकला. दोन खडे. टण्णही झालं. कुणी बघितलं नाही, सगळे त्या रेडमध्ये नाक घालून पुठ्ठा शोधत होते.